पैसे टोरिक लेन्सचे, डोळ्यात बसली साधी

आईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, जोडीला चष्म्याच्या नंबरात अडीचचा सिलिंडर. म्हणजे कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) गोलवा सगळ्या दिशांना सारखा नाही. काउन्सेलर बाई म्हणाल्या, "काकू, साध्या लेन्सने मोतीबिंदू जाईल, सिलिंडर राहील. टोरिक घाला, दोन्हीचं काम होईल." माहिती खरी होती, म्हणूनच आम्ही फसलो. २८ हजार जास्त भरले.

महिन्याने नंबर काढला तर सिलिंडर सव्वादोन! "लेन्स जरा फिरली असेल," तिथले डॉक्टर म्हणाले. तसं होऊही शकतं. टोरिक ठरलेल्या ॲक्सिसवरच, म्हणजे ठरलेल्या कोनातच बसावी लागते. १० अंश सरकली तर साधारण एक तृतीयांश परिणाम जातो, ३० अंशांना जवळजवळ सगळाच. पण मग ती फिरवून पुन्हा जागेवर आणता येते. हे त्याचं नाव काढेनात. "वयाच्या मानाने छान दिसतंय की," एवढंच.

दुसरीकडे नेलं. त्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचे थेंब घातले, स्लिट लॅम्पवर बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "टोरिक आहे असं कोण म्हणालं?" टोरिक लेन्सच्या कडेला ॲक्सिसच्या बारीक खुणा असतात. आईच्या लेन्सवर एकही नव्हती.

लेन्सच्या खोक्यात स्टिकर येतात. त्यातला एक रुग्णाच्या कार्डावर लावून मिळायला हवा. आमच्या कार्डावर ती जागा कोरी. बिल मी तीनदा तपासलं होतं, हे एकदाही नाही. लेखी अर्ज केल्यावर आठ दिवसांनी स्टिकर मिळाला. मॉडेल, सीरियल नंबर, पॉवर सगळं होतं. टोरिकवर छापलेली असते ती सिलिंडरची पॉवर तेवढी नव्हती.

मग "बिलिंगची चूक" निघाली. पैसे परत द्यायला तयार, पण 'आमची काही तक्रार नाही' अशा कागदावर सही हवी. सही केली नाही, ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली आहे. लेन्स काढून बदलायची तर पुन्हा चिरफाड. त्यापेक्षा त्या डोळ्याला चष्मा बरा, असं नवे डॉक्टर म्हणाले.

डावा डोळा त्यांच्याकडेच केला. सीलबंद खोकं आधी दाखवायला लावलं. ऑपरेशनपूर्वी आईला ताठ बसवून टोरिकच्या ॲक्सिससाठी डोळ्यावर शाईची खूण केली, कारण आडवं झाल्यावर डोळा किंचित फिरतो. (काही ठिकाणी हे काम मशीनच करतं.)

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "मागच्या वेळी ही शाई लावलीच नव्हती रे."