व्हॅक्सिन डेपो, टिळकवाडी, बेळगाव : पोरांना घेऊन जावा, पण फुल पँट घालून

मे महिन्यात पुण्याची बहीण दोन पोरं घेऊन आठ दिवस आली की पहिला प्रश्न ठरलेला, मामा इथं मॉल कुठाय. यंदा मी ठरवलंच होतं की मॉल नाही आणि मोबाईलपण नाही, सकाळी साडेसहाला उठवून सगळ्यांना व्हॅक्सिन डेपोत घेऊन गेलो. आमची लेक, बहिणीची दोन, बहीण आणि आप्पा काठी घेऊन. बायको म्हणाली तुम्ही जाऊन या, मला एक दिवस तरी शांतता मिळू दे. बरोबर आहे तिचं.

बाहेरगावच्या लोकांना हे नाव माहीत असलं तर एकीकरण समितीच्या महामेळाव्याचं मैदान म्हणून. पण मैदानाच्या पलीकडं जी झाडी आहे ती खरी चीज. टिळकवाडीसारख्या भर वस्तीत एवढी जुनी झाडं एका जागी उभी आहेत हे बेळगावात राहून पण कित्येकांनी नीट बघितलेलं नाही, मी स्वतः चाळिशी येईपर्यंत फक्त क्रिकेट खेळायला जायचो. आम्हाला तिकीट कुणी मागितलं नाही, गेटवर शिट्टी मारणारा कुणी नाही, आत झोपाळा नाही, घसरगुंडी नाही, सेल्फी पॉईंट नाही. भाचा पाच मिनिटांत म्हणाला इथं करायचं काय. मी म्हटलं काही नाही करायचं, चाल की नुसता.

आणि चालता चालता लागली ना मजा. आंब्याच्या एका फांदीवर पानं एकमेकांना चिकटवून केलेला चेंडूएवढा गोळा दिसला, भाच्याला वाटलं पक्ष्याचं घरटं, लगेच काठी लावली. ते तांबड्या मुंग्यांचं घर होतं. पुढचं सांगायला नको, बर्मुडा घातलेला, दोन्ही पाय झटकत जो नाचला, आप्पांना हसू आवरेना. मग शांत झाल्यावर मी सांगितलं की ह्या मुंग्या पानं शिवतात, दोरा म्हणजे त्यांच्याच अळीच्या तोंडातून निघणारं रेशीम, अळीला तोंडात धरून इकडून तिकडं सुईसारखी फिरवतात. ते ऐकल्यावर पायाची आग विसरून परत बघायला गेला, ह्या वेळी चार फूट लांबनं.

तेवढ्यात आमची लेक एका वाकड्या झाडावर, "बाबा मी चढतो बघ!" पुण्याची भाची हसायला लागली, चढतो काय, चढते म्हण. आमची म्हणते चढायला आलं की झालं, तू ये बघू वर. बेळगावच्या पोरी अशाच बोलणार, आम्ही नाही सुधारणार आणि सुधारायची गरज पण नाही.

पक्ष्यांचं म्हणाल तर तांबटाचं टुक टुक टुक सुरूच होतं, भांड्याला ठोके मारल्यासारखं, दिसायला मात्र अर्धा तास लागला. सगळ्यात भारी म्हणजे धनेश. राखाडी रंगाची जोडी वगैरे नाही, एकटाच नर चोचीत फळ घेऊन परत परत एकाच झाडाकडं जात होता. ह्याचं कारण असं की ह्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, फट बुजवून टाकते, नर बाहेरनं त्या चिरेतून खाणं भरवत राहतो आणि ती आत अंडी उबवते. बहीण म्हणाली वा, काय नवरा आहे. ढोली आम्हाला दिसली नाही आणि आम्ही शोधायला जवळ पण गेलो नाही. पण एक सांगतो, ढोली काय नव्या लावलेल्या शोभेच्या झाडाला होत नाही, त्याला जुनं, थोरलं, थोडं पोखरलेलं झाड लागतं. म्हणून मला कुणी इथं "सुशोभीकरण" म्हटलं की पोटात गोळा येतो.

मध्ये बसायला थांबलो तेव्हा भाचीनं विचारलं व्हॅक्सिन डेपो म्हणजे कोविडचं का. आप्पांनी काही न बोलता शर्टाची बाही वर केली. दंडावर तो गोल खड्डा, आमच्या पिढीपर्यंतच्या सगळ्यांनी घरात कुणाच्या तरी दंडावर बघितलेला. देवीची लस. ती लस इथं बनायची, म्हणून हे नाव. त्या काळी वासराच्या कातडीवर लस वाढवायचे हे ऐकून पोरं ईईई करायला लागली. 1975 नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही आणि 1980 साली रोग जगातूनच गेला असं जाहीर झालं. आप्पांना टोचलेली लस इथलीच का ते त्यांना आठवत नाही, पण त्यांच्या लहानपणी गल्लीत तोंडावर व्रण असलेली माणसं होती ते आठवतं. तिघांनी आळीपाळीनं त्या खड्ड्यात बोट घालून बघितलं. एखाद्या म्युझियममध्ये तिकीट काढून पण हे जमलं नसतं.

तक्रारी आहेत, नाहीत असं नाही. चालायला येणारीच माणसं चहाचे कप आणि गुटख्याच्या पुड्या टाकतात, सकाळी आरोग्य कमवायचं आणि जाताना घाण करायची ही कुठली पद्धत काय की. पावसाळ्यात चिखल भयंकर, जुलैत आपल्याकडं पाऊस थांबतच नाही तेव्हा पोरांना नेऊ नका. पाणी, टॉयलेट ह्याची सोय घरून करूनच निघायचं, म्हाताऱ्या माणसांना हे जड जातं.

तिथनं काँग्रेस विहीर जवळच, पाच मिनिटं थांबलो. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली ही विहीर, गांधीजी अध्यक्ष झालेलं ते एकमेव अधिवेशन. गंगुबाई हनगल शाळकरी पोर असताना ह्याच अधिवेशनात स्वागतगीत गायल्या होत्या हे बहिणीला माहीत नव्हतं, गाणं शिकलेली आहे ती, तर तीच जास्त वेळ रेंगाळली. पोरांना भूक लागलेली. मग पुरी आणि पातळ भाजी, ह्यावर वेगळं लिहायला पाहिजे.

तुलना करायची म्हणून दुसऱ्या दिवशी एका तिकिटाच्या बागेत गेलो, नाव घेत नाही. सिमेंटचा जिराफ, एक साखळी तुटलेला झोपाळा, टॉयलेटला कुलूप, दहाच्या उन्हात तापलेले पेव्हर ब्लॉक आणि हिरवळीवर पोरगं बसलं की शिट्टी. पाऊण तासात पोरं बोअर. डेपोत अडीच तास कसे गेले कळलं नव्हतं.

संध्याकाळी वेळ असेल तर किल्ला तलाव चांगला, वारा मस्त असतो, 110 मीटरचा झेंड्याचा खांब बघून पोरं मान वर करून करून दमतात. किल्ल्यात कमल बस्ती चुकवू नका, 1204 सालची, छताच्या दगडात कोरलेलं कमळ बघायला खाली आडवं पडावंसं वाटतं. भुतरामहट्टीचं झू पोरांना आवडतं पण गाडी पाहिजे आणि अर्धा दिवस जातो, त्याचं नंतर बघू.

परतताना जांबोटीकडनं आलेल्या एका मावशी रस्त्याकडेला करवंदं घेऊन बसलेल्या, पानाच्या द्रोणात. भाच्यानं आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली, बोटं चिकट झाली म्हणून रडला आणि अजून एक द्रोण मागितला.

माझ्याकडनं पाचपैकी साडेचार. अर्धा कपांचा आणि पुड्यांचा. सात वाजायच्या आत पोचा, पाण्याची बाटली न्या, दुर्बीण असली तर उत्तम, आणि मुंग्यांचं मी वरच सांगितलंय. बुधवारी भाचा स्वतःहून सहाला उठून दारात उभा होता, आप्पांची फुल पँट चार वेळा दुमडून घातलेली.