दांगग्वेई: सुपाला चार तारे, गुणाला एक

पाळी थांबत आली तशा अंगातून गरम वाफा सुरू झाल्या. रात्री उशी घामाने ओलीचिंब. शेजारची चिनी आंटी म्हणाली, दांगग्वेई घे, बायकांसाठीचंच औषधी मूळ आहे ते. म्हणून इथल्या, म्हणजे सिंगापूरच्या, चायनाटाउनमधल्या एका जुन्या दुकानात गेले.

दुकान झकास. भिंतभर लाकडी खण, आजोबा तराजूवर तोलून कागदात पुडी बांधतात. थेट आपलं काष्ठौषधींचं दुकान! काप पिवळट, चपटे, कडेला तपकिरी. वास सेलरीचा. साहजिकच, कूळ तेच, कोथिंबीरही त्यातलीच. चिकन, आलं, लाल सुकी बोरं घालून दोन तास मंद आचेवर ठेवलं. आधी गोडसर, मग जिभेवर कडू. मला आवडलं, लेकाने नाक दाबलं.

वाफा मात्र महिनाभर जशाच्या तशा. मग शोधलं तर १९९७ साली अमेरिकेत ७१ बायकांवर २४ आठवडे चाचणी झालेली: नुसतं दांगग्वेई आणि खोटी गोळी, फरक नाही. चिनी वैद्य ते सहसा एकटं देत नाहीत, इतर मुळ्यांबरोबर देतात, हेही खरं.

तक्रार एकच, पण मोठी. दुसरी औषधं चालू आहेत का, हे दुकानात कुणी विचारलंच नाही. सासरे वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, घेतात. या मुळाने त्या गोळीचा असर वाढून रक्तस्राव होऊ शकतो. वाटी त्यांच्यापुढे ठेवली होती, सहज डॉक्टरांना फोन केला म्हणून वाचलो.

उरलेली पुडी फ्रीजमध्ये आहे. थंडी-पावसात सूप करेन, फक्त माझ्यापुरतं.