१ ऑक्टोबर, दुपारी साडेबारा : राउटरला ‘लायसन्स’ मारून घेतल्याचा अनुभव

१ ऑक्टोबरला दुपारी साडेबाराला माझ्या सेवा केंद्रातलं नेट गेलं. समोर एक म्हातारे बाबा बसले होते, अंगठा यंत्रावर, पीएम किसानची ई-केवायसी अर्ध्यावर. लाईन गेली असेल म्हणून वर पाहिलं तर पंखा फिरत होता. बाहेर आलो. समोरून दूध संकलनवाले काका येत होते. "तुमचंही गेलं का गा?" पाच मिनिटांनी कृषी केंद्रवाल्याचा फोन आला, त्याचंही बंद. केबलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "भाऊ, लाईन चालू हाये. बाकी गावाचं धडाक्यात चालू हाये. तुमच्या तिघायचंच काय झालं?"

आम्हा तिघांचंच. आणि आमच्या तिघांच्याही राउटरला तालुक्याच्या एकाच दुकानात ‘दुसरं सॉफ्टवेअर मारलेलं’ होतं. माझ्या पोटात गोळा आला.

आमचं गाव घाटंजी तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. घराच्या पुढच्या खोलीत केंद्र, मागे अंगण, त्यामागे कोठा. कोठ्यात बैलजोडी, दोन गाई, आणि हंगामात सोयाबीनची पोती. एप्रिलमध्ये कोठ्यात वायफायचा कॅमेरा बसवला, पण त्याला रेंज पुरेना. मधली भिंत मातीची, दीड हात जाड. वर टिनं. कॅमेरा दहा मिनिटं दिसायचा आणि अर्धा तास गायब व्हायचा.

मी दुकानात दुसरा राउटर घ्यायलाच गेलो होतो. दुकानातला पोरगा पंचविशीचा, बोलायला गोड. म्हणाला, "डबा कायले बदलता भाऊ? यातच ओपनडब्ल्यूआरटी मारून देतो. परदेशी लायसन्सवालं हाये. रेंज डबल होते, वावरापर्यंत जाते." लायसन्सचे पंधराशे, बसवणीचे नऊशे. दर तीन महिन्यांनी नूतनीकरण, नऊशे रुपये. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चोर शिरतात, यात शिरत नाहीत, असंही सांगितलं. मला ते पटलं. माझ्या केंद्रात लोकांचे आधार नंबर, बँकेची पासबुकं, अंगठे असतात. सुरक्षेचं नाव काढलं की मी ऐकतोच.

राउटर दोन दिवस त्याच्याकडे राहिला. परत आणला तेव्हा नेट लागलं, वायफायचं नावही तेच. कोठ्यातला कॅमेरा मात्र तसाच चालू-बंद. विचारलं तर म्हणाला, "सॉफ्टवेअर सेट व्हायला टाईम लागते." राउटरचा पासवर्ड मागितला, तर म्हणे पासवर्ड दिला की लायसन्स लॉक होते.

१ जुलैला दुपारी साडेबारालाच पहिल्यांदा नेट बंद पडलं. पीक विम्याचे दिवस, ओट्यावर सात कास्तकार ताटकळत बसलेले. मोटारसायकलवर पंचवीस किलोमीटर गेलो, नऊशे भरले. त्याने राउटर पडद्याआड नेला आणि पाच मिनिटांत आणून दिला. घरी येईपर्यंत चार वाजले होते. सातपैकी तीन जण निघून गेले होते. त्यातली एक बाई पाच किलोमीटर पायी आली होती.

ऑक्टोबरला मी गेलो नाही, कारण दसऱ्यासाठी माझा भाचा नागपूरहून आला होता. तो इंजिनीयरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला सगळं सांगितलं. त्याचा पहिलाच प्रश्न होता, "मामा, ओपनडब्ल्यूआरटीचं लायसन्स कोणी विकलं तुम्हाले? ते तर फुकट असते."

मला हे माहीत असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, म्हणून इथे थोडं थांबून लिहितो. ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरमध्ये कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या जागी बसवायचं फुकट सॉफ्टवेअर. ही खरी आणि चांगली गोष्ट आहे. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी-५४जी नावाचा राउटर होता, त्यात लिनक्स नावाची सगळ्यांना खुली असलेली प्रणाली वापरलेली होती. लिनक्सचा परवाना असा की त्यावर बनवलेली वस्तू विकली तर त्या भागाचा सोर्स कोडही, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यात लिहिलेलं असतं तो मूळ मजकूरही, द्यावा लागतो. २००३ मध्ये तो कोड खुला झाला आणि २००४ पासून जगभरच्या लोकांनी मिळून त्यावर ओपनडब्ल्यूआरटी उभं केलं. नावातलं ‘डब्ल्यूआरटी’ त्या राउटरवरूनच आलं आहे. कोणीही ते उतरवून घ्यावं, बसवावं. त्याला चावी नाही, मुदत नाही, नूतनीकरण नाही. बसवून देणाऱ्याने मेहनतीचे पैसे घेतले तर त्यात गैर काही नाही. नीट काम करून पाचशे घेतले असते तर मी हसत दिले असते. पण ‘लायसन्स’ म्हणून जो पैसा मागतो तो तिथेच खोटं बोलतो.

त्या रात्री जेवणं झाल्यावर भाच्याने लॅपटॉप राउटरला वायरने जोडला. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये फेलसेफ नावाची सोय असते. राउटर चालू करायचा, सुरुवातीला दिवा लुकलुकायला लागला की मागचं बटण दाबायचं. दिवा आणखी भराभर लुकलुकतो, आणि मग १९२.१६८.१.१ या पत्त्यावर पासवर्डशिवाय आत जाता येतं. लॅपटॉपला आधी हाताने १९२.१६८.१.२ हा पत्ता द्यावा लागतो. पहिल्या दोन वेळा बटण चुकलं, तिसऱ्यांदा साधलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. आई चुलीजवळून विचारत होती, "बिघडलं तर नाही ना रे?"

भाच्याने आधी वेळापत्रकाची फाईल उघडली. राउटरला ठराविक वेळी ठराविक काम करायला सांगता येतं, त्याला क्रॉन म्हणतात. त्या फाईलमध्ये एकच ओळ होती. सुरुवातीला शून्य, मग सात, मग एक, मग १,४,७,१०. म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या १ तारखेला सात वाजता एक छोटी फाईल चालवायची. ती फाईल उघडली तर आत वायफाय बंद करायचं आणि बाहेरच्या नेटचं दार लावायचं, एवढंच लिहिलेलं होतं, आणि ते कायमचं साठवूनही ठेवायचं, म्हणजे राउटर बंद-चालू केला तरी सुरू होऊ नये.

"पण आपलं तर साडेबाराला गेलं," मी म्हणालो. भाच्याने कोपऱ्यातलं घड्याळ दाखवलं. राउटरचं घड्याळ भारताच्या वेळेवर लावलेलंच नव्हतं, ते जागतिक वेळेवर चालत होतं. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. तिथले सात म्हणजे आपले साडेबारा. तेच माझं लायसन्स संपणं होतं. त्या एका ओळीसाठी मी जुलैत नऊशे रुपये मोजले आणि ती बाई पाच किलोमीटर परत गेली. त्या दिवसानंतर तिला तोंड दाखवायची मला लाज वाटते.

पण खरा धक्का पुढे होता. नेटवर्कची फाईल वाचता वाचता भाचा थबकला. "मामा, इथे मॅक पत्ता हातानं टाकलेला आहे." प्रत्येक राउटरला कारखान्यातूनच बारा अक्षर-अंकांची एक ओळख मिळते, ती खालच्या स्टिकरवर छापलेली असते. आमचा केबलवाला जोडणी त्या ओळखीशी बांधून ठेवतो. आम्ही राउटर उलटा केला. स्टिकरवर एक ओळख, फाईलमध्ये दुसरी. मग आठवलं, जोडणी घेताना केबलवाल्याने स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर मागितला होता. दोन वर्षं मागे जाऊन तो फोटो शोधला. फाईलमध्ये टाकलेली ओळख माझ्या जुन्या राउटरची होती. हातातल्या डब्यावरचा अनुक्रमांकही वेगळा, आणि मॉडेलच्या नंबराखाली बारीक अक्षरांत छापलेली आवृत्तीही वेगळी.

डबाच बदलला होता. दिसायला तोच, दोन दांड्यांचा, पांढरा. माझ्या वस्तूची ओळख दुसऱ्या वस्तूला चिकटवून, नेट लागावं आणि मला कळू नये, एवढी काळजी घेतलेली.

बाहेरून सारखे दिसणारे राउटर आतून सारखे नसतात, हे मला तेव्हा कळलं. आमचं मॉडेल ते नव्हे, पण टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर-८४१एनचं उदाहरण सगळ्यांना पाहता येईल. एकाच नंबराखाली त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. नवव्या आवृत्तीत ४ एमबी फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) आणि ३२ एमबी रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी), तेराव्या आवृत्तीत त्याच्या दुप्पट, आणि चिपही वेगळी. एका आवृत्तीची फाईल दुसरीवर मारली तर राउटर दगड होऊन बसू शकतो. माझा जुना ६४ एमबी रॅमचा होता. हातात आलेल्याची मेमरी भाच्याने मोजली तर आकडा तीस हजार किलोबाइटही भरत नव्हता, म्हणजे ३२चा. २०२१ मध्ये आलेल्या २१.०२ या आवृत्तीपासून ओपनडब्ल्यूआरटीला कमीत कमी ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम लागते. या डब्यात त्याहून जुनी १८.०६ ही आवृत्ती होती, त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या कधीच थांबलेल्या. सुरक्षेच्या नावावर मी पैसे मोजले आणि माझ्या टेबलावर आधीपेक्षा उघडी वस्तू आली.

डीएनएसच्या जागीही एक अनोळखी पत्ता होता. डीएनएस म्हणजे नेटची पत्त्यांची वही. वेबसाइटचं नाव दिलं की तिचा पत्ता त्या वहीतून येतो, आणि वही दुसऱ्याच्या हातात असली तर तो चुकीच्या दारी पाठवू शकतो. तसं घडल्याचा पुरावा आम्हाला सापडला नाही. वेबसाइट खरी वाटली नाही की ब्राउझर प्रमाणपत्राचा इशारा देतो, तोही कधी दिल्याचं आठवत नाही. तरी त्या रात्री मी झोपलो नाही. माझ्या टेबलावर लोकांनी विश्वासाने अंगठे ठेवले आहेत. पहाटेपर्यंत मोबाइलच्या नेटवरून बँक, पोर्टल, ईमेल, सगळ्यांचे पासवर्ड बदलले.

रेंजचंही सांगतो, कारण बहुतेक लोक त्याच आशेने या फंदात पडतात. वायरलेसच्या फाईलमध्ये देश म्हणून भारत नव्हता, भलताच देश टाकलेला होता, जास्त ताकद मिळावी म्हणून. एक तर ते नियमाला धरून नाही. दुसरं म्हणजे आतल्या चिपची आणि दांडीची जेवढी ताकद, तेवढीच राहते. आणि समजा राउटरचा आवाज वाढला, तरी कॅमेऱ्याचा वाढतो का? नाल्याच्या या काठावरून मी भोंगा लावून हाक मारली, पण पलीकडच्या माणसाचा आवाज माझ्यापर्यंत पोचत नसेल, तर बोलणं होत नाही. सॉफ्टवेअर बदलून मातीची भिंत पातळ होत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही फोटो घेऊन दुकानात गेलो. तो म्हणाला, "भाऊ, हा तुमचाच डबा हाये. बिल हाये का तुमच्याकडे?" बिल नव्हतं. मी मागितलंच नव्हतं. यूपीआयची नोंद आहे, पण त्यावर फक्त रक्कम आणि नाव. व्हॉट्सॲपचा जुना फोटो, नव्या स्टिकरचा फोटो, फाईलचे फोटो आणि पैशांच्या नोंदी जोडून ठाण्यात अर्ज दिला. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. अजून रुपयाही परत आलेला नाही.

दूधवाले काका आणि कृषी केंद्रवाला यांचे राउटरही भाच्याने उघडले. दोघांकडे तीच ओळ, तोच अंक. काकांकडे जुन्या स्टिकरचा फोटो नव्हता, त्यामुळे त्यांचा डबा बदलला की नाही ते सांगायला काही मार्गच उरलेला नाही. काका किती वेळ डबा हातात उलटासुलटा करत बसले होते. त्यांच्या दूध मोजायच्या यंत्राचा हिशेब याच नेटवरून जातो.

कोठ्याचं काम शेवटी वायरने झालं. पुढच्या खोलीपासून कोठ्यापर्यंत तीस मीटर केबल, पाइपातून नेलेली. अशी केबल शंभर मीटरपर्यंत चालते. तिकडच्या टोकाला एक साधा नवा राउटर, फक्त वायफाय देण्यापुरता. केंद्रासाठी ६४ एमबीपेक्षा जास्त रॅमचा वेगळा राउटर घेतला. त्यावर भाच्याने ओपनडब्ल्यूआरटी माझ्यासमोर बसवलं. स्टिकरवरची आवृत्ती पाहून मूळ संकेतस्थळावरून फाईल उतरवली आणि फाईल अस्सल आहे का ते कळावं म्हणून तिथे दिलेला शा-२५६चा लांबलचक आकडा आपल्या फाईलशी जुळवला. बसवल्यावर सुरुवातीला वायफाय बंदच असतं आणि पासवर्डही नसतो, म्हणून आधी वायरने आत जाऊन पासवर्ड टाकला. तो मी टाकला, भाचा तोंड फिरवून बसला होता. देश भारत, घड्याळ भारताचं. दीड तास लागला, खर्च शून्य.

दुकानातून आलेला तो बदललेला डबा तसाच ठेवला आहे, पुरावा म्हणून. नुसतं रिसेट करून तो पुन्हा वापरायला भाच्याने मनाई केली, कारण मूळ फाईलमध्येच काही घुसवलेलं असेल तर रिसेटने ते जात नाही.

त्या वेळापत्रकात पुढची तारीख १ जानेवारी आहे. घाटंजी, आर्णी, पांढरकवडा या बाजूला कोणी असं ‘लायसन्सवालं’ सॉफ्टवेअर मारून घेतलं असेल आणि त्या दिवशी दुपारी साडेबाराला फक्त तुमचंच नेट गेलं, तर दुकानात जाऊ नका, पैसे देऊ नका. डबा उलटा करून स्टिकरचा फोटो काढा आणि जोडणीच्या वेळी केबलवाल्याला पाठवलेला जुना फोटो शोधा.