प्लायवूड कुठून घ्यावं: टिंबर मार्केट की ब्रँडचा डीलर?

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये घासाघीस चालते आणि माल डोळ्यांसमोर असतो. शीट उभी करून कड बघा. थरांमध्ये फटी दिसल्या किंवा ठोकल्यावर मध्येच पोकळ आवाज आला, तर सरळ सोडून द्या. १९ मिमी म्हणून दिलेली शीट कॅलिपरने मोजाच. कधीकधी १७ च भरते.

डीलरकडे ही कटकट कमी. पण माल गोदामातून परस्पर घरी येतो, आणि दरात सुताराचं कमिशन मिसळलेलं असू शकतं (सुतार हे कबूल करणार नाही!). शीटवर ‘७१०’ (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा मानक क्रमांक, आयएस ७१०) छापलंय एवढ्यावर भुलू नका; आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक सरकारी मानक संस्थेच्या बीआयएस केअर ॲपवर तपासा.

मी सिंकखाली डीलरचं आयएस ७१० लावेन, माळ्यावरच्या फळ्यांना मार्केटचं साधं एमआर (फक्त दमटपणा सोसणारं प्लाय).