मधुमेही बोक्यासाठी लँटस आणि ०.३ मिलीची सिरिंज

आमच्या बोक्याला मधुमेह झाल्याचे निदान झाल्यावर पशुवैद्यांनी त्याला दर बारा तासांनी एक युनिट ग्लार्जिन इन्सुलिन टोचायला सांगितले आणि त्यासाठी माणसांकरता मिळणारे लँटस आम्ही घेतले. औषध उत्तम आहे. परंतु घरी उपचार करताना खरी कसोटी लागते ती सिरिंजच्या निवडीत, म्हणून येथे तिच्याविषयीच अधिक लिहीत आहे.

लँटसच्या एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात. आपल्याकडे ४० युनिटांचे इन्सुलिनही सर्रास विकले जात असल्याने त्याची लाल टोपणाची सिरिंज दुकानदाराच्या हाताला आधी लागते. एका औषधाच्या दुकानात आम्ही यू-१०० (म्हणजे मिलीला १०० युनिटांच्या इन्सुलिनची) असे स्पष्ट सांगूनही लाल टोपणाचे पाकीटच पुढे आले, वर ‘कोणतीही चालते हो’ असे ऐकावे लागले. ती मुळीच चालत नाही. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एका युनिटच्या रेघेपर्यंत लँटस ओढले, तर प्रत्यक्षात अडीच युनिट भरले जाते आणि चार-पाच किलोच्या प्राण्याच्या ते जिवावर बेतू शकते. लँटससाठी नारिंगी टोपणाचीच सिरिंज घ्यावी.

त्यातही १ मिलीची सिरिंज मांजरासाठी निरुपयोगी आहे, कारण तिच्यावर साधारणतः दर दोन युनिटांना एक रेघ असते आणि एक युनिट नजरेच्या अंदाजानेच भरावे लागते. ३१ गेजची बारीक सुई आणि अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली ०.३ मिलीची सिरिंज मिळाली, की हा प्रश्न सुटतो. एक युनिट म्हणजे मिलिलिटरचा जेमतेम शंभरावा भाग. एवढ्याशा औषधात मोहरीएवढा बुडबुडा राहिला तरी मात्रा चुकते, म्हणून सिरिंज उजेडाकडे धरून, टिचकी मारून तो घालवल्याशिवाय टोचू नये. ही सिरिंज जवळच्या दुकानात मिळेलच असे नाही. साठा संपायच्या आधीच मागवून ठेवावी.

लँटसची १० मिलीची कुपी एका मांजरासाठी फारच मोठी पडते. दिवसाला दोन युनिट म्हणजे महिन्याला साठ, आणि उघडल्यानंतरची छापील मुदत २८ दिवसांची. त्यामुळे इन्सुलिनच्या पेनमध्ये बसवायचे ३ मिलीचे कार्ट्रिज घेऊन त्यातून सिरिंजने औषध काढणे परवडते. नेहमीच्या पेनवर मात्रा एकेका युनिटानेच बदलते, तर मांजराची मात्रा पुष्कळदा अर्ध्या युनिटाने वाढवावी किंवा कमी करावी लागते. त्याच कंपनीचे मिलीला ३०० युनिटांचे ग्लार्जिनही बाजारात आहे, ते बदली म्हणून स्वीकारू नये. ग्लार्जिन आम्लधर्मी असते, कातडीखाली गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि ते सावकाश विरघळत राहतात, पातळ केल्यास ही क्रियाच बिघडू शकते, म्हणून मात्रा मोजणे सोपे जावे यासाठी ते पातळ करण्याचा मोह टाळावा.

टोचणे मात्र वाटते तितके अवघड नाही. बोका खाण्यात गुंतला, की कुशीवरची सैल कातडी चिमटीत धरून सुई आत घालावी. त्याला बहुधा कळतही नाही. नंतर हाताला केस ओले लागले तर औषध बाहेर सांडले असे समजावे, पण त्या वेळची मात्रा पुन्हा देऊ नये. त्याने अन्नाला तोंडच लावले नाही, तर टोचण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. तो झोकांड्या खाऊ लागला किंवा त्याला झटके आले, तर साखर उतरली असण्याची शक्यता धरून हिरड्यांना मध चोळावा आणि तडक दवाखाना गाठावा.

दवाखान्यातल्या भीतीनेही मांजराची साखर चढते, त्यामुळे कानाच्या कडेला टोचून काढलेल्या थेंबावर घरी केलेली मोजणी अधिक उपयोगी पडते. माणसांचे ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुधा प्रत्यक्षाहून कमी दाखवते. म्हणून आकडे कळवताना कोणते यंत्र वापरले तेही डॉक्टरांना सांगावे आणि मात्रेतला बदल त्यांच्यावरच सोपवावा.