रेड डेड रिडेम्प्शन २ : मिशनमध्ये लगाम, बाहेर मोकळं रान

अमेरिकेच्या 'वाइल्ड वेस्ट'मधल्या गुंडांच्या टोळीवरच्या या गेमबद्दल पहिली तक्रार असते ती वेगाची, आणि ती खरी आहे. पहिले दीड-दोन तास कोल्टर या डोंगरातल्या ओसाड गावाच्या बर्फात रुतत चालायचं, सांगितलं तिकडे घोडा हाकायचा, मध्येच एखादी चकमक. हा अध्याय टाळता येत नाही. अनेक जण इथेच गेम सोडतात आणि दोन वर्षांनी कुणाच्या तरी आग्रहावरून पुन्हा चालू करतात. दुसऱ्या अध्यायात टोळीचा कॅम्प हॉर्सशू ओव्हरलुकच्या कड्यावर पडतो. गेम आवडला की नाही याचा निकाल तिथे चार-पाच तास घालवल्यावर लावा, त्याआधी नाही.

रॉकस्टार या कंपनीने हा गेम २६ ऑक्टोबर २०१८ रोजी पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर आणला. पीसीवर तो ५ नोव्हेंबर २०१९ला आला आणि स्टीम या ऑनलाइन दुकानात त्यानंतर महिन्याभराने. कथा १८९९ची. आर्थर मॉर्गन, म्हणजे आपण खेळतो तो नायक, हा डच वॅन डर लिंडच्या टोळीतला जुना गडी. कायदा मागे लागलाय, टोळी पळतेय, आणि डचकडे दरवेळी एक नवा 'प्लॅन' तयार आहे. कथेबद्दल इथे एवढंच.

सिनेमासारखा गेम म्हणतात तो कशामुळे, हे पाहायचं तर नकाशावर एखादी खूण लावा, घोड्यावर बसा आणि कन्सोलवर टचपॅड किंवा व्ह्यू बटण, पीसीवर 'व्ही' दाबून धरा. वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि कॅमेरा दूर जातो. पळण्याचं बटण धरून ठेवलं की घोडा वाटेने आपला आपण निघतो. फक्त समोरून घोडागाडी येताना हात तयार ठेवा, नाहीतर दोन्ही घोडे आणि स्वार चिखलात. यातले प्रसंग आधी चित्रित करून ठेवलेले नसून गेम चालू असतानाच घडतात. त्यामुळे आर्थरची वाढलेली दाढी, चिखलाने माखलेला कोट, डोक्यावरची टोपी सगळं प्रसंगात जसंच्या तसं येतं. गंभीर मिशनच्या आधी विदूषकी टोपी उतरवायला विसरलात तर पुढचा हृदयद्रावक संवाद त्याच टोपीत ऐकावा लागतो. रॉजर क्लार्कने आर्थरचा आवाज आणि हालचाली दोन्ही केल्या आहेत. २०१८च्या गेम अवॉर्ड्समध्ये त्याला उत्कृष्ट अभिनयाचं पारितोषिक मिळालं, आणि त्यावर वाद घालणारा अजून भेटायचाय.

आता खरी खोट. मिशन सुरू झालं की हा गेम दिग्दर्शकाच्या हातात जातो आणि तुम्ही नट होता. सांगितलेल्या वाटेपासून लांब गेलात, सोबत्याला मागे टाकलंत, मागच्या बाजूने शिरून डोकं चालवायला गेलात, की पडदा लाल होतो आणि मिशन फसतं. व्हॅलेंटाइन गावच्या बँकेत तिजोरी डायनामाइटने उडवायची की कान लावून उघडायची एवढी निवड मिळते आणि तीही मोठी मेहेरबानी वाटते. भर म्हणजे मिशन उत्तम खेळल्याबद्दल मिळणाऱ्या गोल्ड मेडलच्या अटी मिशन एकदा पूर्ण झाल्यावरच कळतात. म्हणून मेडलचा नाद पहिल्या खेपेला करूच नका. नंतर मेनूमधून ते मिशन पुन्हा खेळता येतं.

आणि याच खोटीमुळे या गेमचे चाहते इतके भन्नाट निघाले असावेत. त्यांची सगळी संस्कृती उगवली ती संहितेचा लगाम सुटतो तिथे. ऱ्होड्स गावात नायजेल नावाचा एक इंग्रज हरवलेल्या मित्राला 'गॅव्हिन!' अशा हाका मारत फिरतो. हा गॅव्हिन कुठे आहे, यावर लोकांनी वर्षानुवर्षं नकाशाचा कोपरा न् कोपरा पालथा घातला. सेंट डेनिस शहराच्या भिंतींवर पाच ठिकाणी खरडलेला मजकूर आहे. पाचही वाचले की नकाशावर पंचकोनी तारा जुळतो, आणि मध्यरात्री त्याच्या मधल्या गल्लीत गेलात तर व्हॅम्पायर भेटतो. त्याला मारल्यावर नक्षीदार खंजीर मिळतो. झाडांना टांगलेले वीस ड्रीमकॅचर (दोऱ्या-पिसांची जाळीदार कडी) आहेत. त्यांच्या जागा नकाशावर जोडल्या की गव्याची आकृती होते. ही असली कामं गेम स्वतःहून सांगत नाही. कुणीतरी रात्री दोन वाजता शोधतो, दुसरा पडताळतो, तिसरा नकाशा काढून सगळ्यांना देतो.

न्यू ऑस्टिनचं प्रकरण याहून भारी. पहिले सहा अध्याय हा वाळवंटी प्रदेश बंद असतो, आत पाऊल टाकलं की न दिसणाऱ्या बंदुकीची गोळी लागते. चाहत्यांनी गेममधल्या त्रुटी वापरून आत शिरायच्या युक्त्या काढल्या. रॉकस्टारने काही बुजवल्या, की लोकांनी नव्या काढल्या. सगळा खटाटोप कशासाठी, तर जिथे यायचं नाही तिथे घोड्यावर बसून सूर्यास्त बघायला.

विनोदांचंही तसंच. व्हॅलेंटाइनच्या सलूनमध्ये आर्थर आणि टोळीतला तरुण लेनी दारू पितात ते मिशन खेळलात की इंटरनेटवर सगळे 'लेन्नीऽऽ' असं का ओरडतात ते कळेल. ताहिती बेटावर पळून जायचं डचचं स्वप्न, तिथले आंबे आणि 'जरा विश्वास ठेव' हे तर कुठल्याही फसलेल्या योजनेखाली चिकटवले जातात. ऑफिसातल्या एखाद्या वरिष्ठाला हे चपखल बसेल असं वाटलं तर त्यात तुमचा दोष नाही.

अभ्यासक मंडळीही यात उतरली आहेत. २०२१मध्ये एक्सेटर विद्यापीठ आणि ट्रुरो अँड पेनविथ कॉलेजच्या संशोधकांनी ५८६ खेळाडूंना खऱ्या अमेरिकी प्राण्यांची छायाचित्रं दाखवली. हा गेम खेळलेल्यांनी पंधरापैकी सरासरी दहा प्राणी ओळखले, न खेळलेल्यांपेक्षा तीन जास्त. टेनेसी विद्यापीठातले टोरे ओल्सन या गेमच्या आधाराने अमेरिकेचा इतिहास शिकवतात. त्यावर त्यांनी २०२४मध्ये पुस्तकही काढलं, आणि त्याचं ऑडिओबुक वाचलं आहे खुद्द रॉजर क्लार्कने.

एक इशारा मात्र गांभीर्याने घ्या. कथा संपेपर्यंत या चाहत्यांपासून चार हात लांब राहा. आर्थरचं नाव शोधायला गेलात तर सर्चचा डबाच पुढचे शब्द सुचवून शेवट फोडतो. व्हिडिओंच्या थंबनेलवर तर काही लपवायची रीतच नाही. शिकारीची किंवा सेटिंगची माहिती हवी असेल तर त्या गोष्टीचं नाव शोधा, पात्राचं नाही.

आता शिकार, कारण नव्या माणसाचे सगळ्यात जास्त तास इथे वाया जातात. सगळ्यांना हवी असते 'लेजंड ऑफ द ईस्ट' ही पिशवी, जिच्यात प्रत्येक वस्तू ९९ मावतात. त्यासाठी आधी टोळीतल्या स्ट्रॉसची सावकारीची मिशनं करून कॅम्पची खर्च-सुधारणांची वही उघडा आणि तिच्यातून २२५ डॉलरची कातडीकामाची हत्यारं घ्या. मग कॅम्पचा स्वयंपाकी पिअर्सन याच्याकडे आधीच्या सहाही पिशव्या बनवाव्या लागतात, तेव्हा सातवी मिळते. प्रत्येकीला एक निर्दोष हरणाचं कातडं लागतं, म्हणजे एकूण सात हरणं. बिबळ्या, प्यूमा, लांडगा, रकून, बीव्हर हे निराळे.

निर्दोष कातड्याचं गणित असं. आधी दुर्बिणीतून किंवा नेम धरून प्राणी न्याहाळा, कातड्याच्या दर्जाचे तीन तारे दिसले तरच पुढे जा. दोन तारेवाल्याला कितीही सफाईने मारलंत तरी उपयोग नाही. मग हत्यार प्राण्याच्या आकाराला साजेसं हवं. सगळे अडतात ते खारीपाशी. साधा बाण मारला की कातड्याची चिंधी होते. तिला छोट्या शिकारीचा खास बाण लागतो आणि तो स्वतः बनवायचा: एक साधा बाण, एक पीस, शॉटगनचं एक काडतूस. खार पळायला लागली की नेम धरू नका, झाडावर चढून थबकते तेव्हा मारा. सोललेलं कातडं सडत नाही, पण न सोललेला प्राणी सडतो. म्हणून लहान प्राणीही लगेच सोला. मोठं कातडं घोड्याच्या पाठीवर एकच राहतं, आणि वाटेत घोडा मेला तर तेही गेलंच समजा. घोडा जिवंत करणारं औषध कायम एक तरी जवळ बाळगा.

कॅम्पमधून फास्ट ट्रॅव्हल (क्षणात दुसऱ्या ठिकाणी पोचणं) हवं असेल तर त्याच वहीत आधी डचचा तंबू सुधारा, २२० डॉलर, मग आर्थरचा, ३२५ डॉलर. पण ही सोय फक्त कॅम्पमधून बाहेर जायला आहे, परत यायला नाही. परतीला घोडा, घोडागाडी नाहीतर रेल्वे.

नियंत्रणं हा या गेमचा जुना आजार. नमस्कार करायचं आणि नेम धरायचं बटण एकच. हातात पिस्तूल असेल आणि तुम्ही रस्त्यातल्या बाईला राम राम घालायला गेलात, तर ती किंचाळते, साक्षीदार शेरीफकडे धावतो आणि डोक्यावर इनाम लागतं. गावात शिरण्याआधी हत्यार म्यानात आहे ना, एवढं बघायची सवय लावा. उलट शिकारीला उतरताना रायफल घोड्यावरच राहते, तेव्हा उतरण्याआधी हत्यारांच्या चाकातून ती निवडून घ्या. पळण्यासाठी बटण बडवून अंगठा दुखत असेल तर कंट्रोल्समध्ये 'टॉगल टू रन' चालू करा. नकाशाची गोल चकती काढून फक्त होकायंत्र ठेवा. चकती असली की नजर सतत कोपऱ्यात राहते आणि ज्यासाठी पैसे दिले तो प्रदेश दिसतच नाही.

पीसीवाल्यांसाठी. डिस्कवर १५० जीबी जागा लागते. १०० एमबीपीएसची लाइन असली तरी कागदावरच तीन तासांहून जास्त, त्यामुळे आपल्या प्लॅनची डेटा मर्यादा आधी तपासा. शिफारस केलेलं कार्ड जीटीएक्स १०६० (६ जीबी), रॅम १२ जीबी. सेटिंगमध्ये सगळं एकाच पातळीवर ओढू नका. टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागांचा तपशील, अल्ट्रावरच ठेवा, कारण एक पायरी खाली आलं की भिंती आणि जमीन लगेच धुरकट दिसतात. एमएसएए हा कडा गुळगुळीत करणारा पर्याय बंद ठेवा, तो कार्डाचा जीव काढतो. पाण्याच्या फिजिक्सची पट्टी अर्ध्यावर पुरे. १०८०पी पडद्यावर चित्र टीएए या कडा गुळगुळीत करण्याच्याच दुसऱ्या पद्धतीमुळे पुसट वाटतं. ताकद असेल तर रिझोल्युशन स्केल सव्वापट करा. कमी रिझोल्युशनचं चित्र मोठं करून वेग वाढवणारं डीएलएसएस २०२१मध्ये आणि तसंच एफएसआर २ २०२२मध्ये आलं, पण कमी रिझोल्युशनवर दोन्हींचा पुसटपणा राहतोच.

चालू होता होता गेम ग्राफिक्सची एरर देऊन बंद पडत असेल, तर विंडोजच्या डॉक्युमेंट्समध्ये रॉकस्टार गेम्सच्या फोल्डरात सेटिंग्ज उघडा आणि 'एसजीए'ने सुरू होणाऱ्या फायली उडवा. गेम त्या पुन्हा बनवतो. तरीही पडला तर व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालीवरून डायरेक्टएक्स १२वर जा, किंवा उलट.

मॉड्सचा, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेल्या बदलांचा, संसार दोन पायांवर उभा आहे: स्क्रिप्ट हुक आणि लेनीज मॉड लोडर. हो, तोच लेनी. दोन्हींच्या फायली जिथे गेमची मुख्य फाइल आहे त्याच फोल्डरात टाकायच्या, आणि बाकीचे मॉड 'एलएमएल' फोल्डरात. रॉकस्टारने पॅच काढला की स्क्रिप्ट हुक बंद पडतो आणि नवी आवृत्ती येईपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा सगळं पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. मॉड घालण्याआधी प्रोफाइल्स फोल्डरातल्या सेव्ह फायलींची प्रत काढून ठेवा. आणि मॉड असताना रेड डेड ऑनलाइन या बहुखेळाडू भागाकडे फिरकू नका, खात्यावर बंदी येऊ शकते.

ऑनलाइनबद्दल थोडक्यात. २०२१च्या जुलैतल्या 'ब्लड मनी' या अपडेटनंतर मोठं काही आलं नाही, आणि जुलै २०२२मध्ये रॉकस्टारने आता जीटीए या आपल्या दुसऱ्या गेममालिकेच्या पुढच्या भागावर लक्ष देणार असं जाहीर केलं. त्याच महिन्याच्या १३ तारखेला खेळाडूंनी गेमच्या आतच, काळे कपडे घालून, ऑनलाइनची अंत्ययात्रा काढली. त्यानंतर अधूनमधून टेलिग्राम मिशनं आली, जून २०२५मध्ये झोंबींचीही. आजही खेळण्यासारखी भूमिका एकच, कलेक्टर, म्हणजे दुर्मिळ वस्तू गोळा करणारा. पंधरा सोन्याच्या विटा देऊन मादाम नाझार या फिरत्या विक्रेतीकडून पिशवी घ्यायची आणि चाहत्यांनी बनवलेला, रोज बदलणारा नकाशा समोर ठेवून फिरायचं. एकट्याने, भांडणतंट्याशिवाय पैसा मिळतो.

कन्सोलवर पीएस५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्ससाठी वेगळी आवृत्ती नाही. जुनीच चालते, तीही ३० फ्रेम्सवर. सिरीज एसवर तर एक्सबॉक्स वन एसचीच ८६४पी आवृत्ती चालते आणि मोठ्या टीव्हीवर ती नजरेत भरण्याइतकी धूसर दिसते. निवड असेल तर पीसी, नसेल तर सिरीज एक्स. पूर्ण किमतीला कधीच घेऊ नका, सेलमध्ये हा गेम तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात मिळतो. अल्टिमेट एडिशनमधला घोडा, कपडे आणि ऑनलाइनच्या भेटी सोडून द्या. दुसऱ्याच अध्यायात आयझाबेला सरोवराच्या बर्फात पांढरा अरबी घोडा फुकट मिळतो. लांबूनच घोड्यावरून उतरा, हळू जा, तो बिचकला की थांबून शांत करा, पाठीवर बसल्यावर तो ज्या बाजूला उसळेल त्याच्या उलट स्टिक ओढा. आणि जवळपास लांडगे आहेत का ते आधी बघून घ्या.