हर-टू फिश किट : पावसाळ्यासकट वापरल्यानंतर

स्तनाच्या कर्करोगाच्या ब्लॉकवर (गाठीचा मेणात बसवलेला तुकडा) हर-टू फिश, म्हणजे हर-टू जनुकाच्या प्रती चमकत्या ठिपक्यांनी मोजायची चाचणी, बेळगावातच करायला लागून आता बरेच महिने झाले. आधी इम्युनोचा (हर-टू प्रथिन रंगवून बघायची चाचणी) रिपोर्ट टू-प्लस, म्हणजे धड हो ना नाही असा, आला की ब्लॉक बाहेर पाठवावा लागे आणि खानापूर, निपाणी, चंदगडच्या बायका ट्रास्टुझुमॅब (हर-टू पॉझिटिव्ह कर्करोगावरचं औषध) सुरू होणार की नाही याची वाट बघत बसत. म्हणून हे किट मला मोलाचं वाटतं.

किटमधला प्रोब, म्हणजे जनुकाला जाऊन चिकटणारा चमकता डीएनएचा तुकडा, दुरंगी आहे. १७व्या गुणसूत्रावरचं हर-टू जनुक केशरी दिसतं, त्याच गुणसूत्राचा सेंट्रोमिअर (गुणसूत्राचा आवळलेला भाग) हिरवा. उणे २० अंशांत अंधारात ठेवला, तर सिग्नल टपोरे येतात. प्रोबबद्दल तक्रार नाही.

सगळं अडतं ते पेप्सिनपाशी, म्हणजे प्रोब आत शिरावा म्हणून पेशींतली प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमपाशी. माहितीपत्रकातली वेळ प्रत्येक ब्लॉकला लागू पडत नाही. पचन कमी झालं तर पेशींवर हिरवट धुकं राहतं आणि सेंट्रोमिअरचे ठिपके त्यात बुडतात. जास्त झालं तर केंद्रकं मधून पोकळ दिसतात, कडा विरतात. प्रोब महाग, म्हणून पचनानंतर नुसता डॅपी (केंद्रकं निळी दाखवणारा रंग) टाकून केंद्रकं बघतो आणि मगच पुढे जातो.

पचनातल्या या फरकाचं मूळ ऑपरेशन थिएटरात असतं. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (गाठ टिकवायचं द्रावण) ६ ते ७२ तास, एवढं पाळलेला ब्लॉक पहिल्याच फेरीत उतरतो. गाठ न चिरता अख्खी बरणीत टाकलेली असेल, तर फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचत नाही. स्लाईडच्या कडेला छान सिग्नल आणि मधे काहीच नाही. सर्जनना फोन करून हे सांगायला मी आता संकोचत नाही.

हायब्रिडायझेशन (प्रोब पेशींतल्या डीएनएला चिकटणं) रात्रभर ३७ अंशांवर चालतं. पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा यंत्राला यूपीएस हवाच. दुसऱ्या दिवशीच्या गरम धुण्यात थर्मामीटर थेट जारमध्ये बुडवा. एकदम चार-पाच स्लाईड घातल्या की जार थंड होतो, वॉटर बाथचा आकडा मात्र ७२ अंशच दाखवतो.

मोजणीला घाई नको. शेजारी एच-अँड-ई (नेहमीच्या रंगाची स्लाईड) ठेवून इन्व्हेसिव्ह, म्हणजे आजूबाजूच्या ऊतीत घुसलेल्या कर्करोगाचा, भाग शोधायचा, एकमेकांवर चढलेली केंद्रकं सोडायची, निदान २० मोजायची. केशरी ठिपक्यांचं हिरव्यांशी गुणोत्तर २ किंवा जास्त आणि दर केंद्रकामागे हर-टूची सरासरी ४ किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. चार मायक्रॉनच्या सेक्शनमध्ये केंद्रकं कापली जातात, त्यामुळे एखाद्यात ठिपका कमी दिसणारच.

केसेस थोड्या असतील तर लहान पॅकच घ्या, आणि प्रत्येक फेरीत आपल्याच लॅबची कंट्रोल स्लाईड (निकाल आधीच माहीत असलेली) लावा.